तिसऱ्या सिलिंडरचा उशीर

फोक्सवॅगन बीटलच्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि आतला रोटर उपसून बाजूला ठेवला, की मधोमध एक लहानसा पोलादी कॅम दिसतो. आकार चौकोनाचा, कोपरे गोलावलेले. चार कोपरे, चार सिलिंडर. कॅम फिरतो तसा एकेक कोपरा सीबी पॉइंटच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरच्या प्लगवर ठिणगी पडते. चारही सिलिंडरांना सारखं वागवायचं तर हे कोपरे एकमेकांपासून बरोबर नव्वद अंशांवर हवेत. बॉशने बीटलसाठी बनवलेल्या अनेक डिस्ट्रिब्युटरांत ते तसे नाहीत. तीन कोपरे जागच्या जागी आहेत. तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरचा कोपरा मात्र किंचित मागे घेतलेला आहे.

किती मागे? क्रँकशाफ्टच्या हिशेबाने साधारण दोन ते चार अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून प्रत्यक्ष कॅमवर त्याच्याही निम्मे. दहा मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक अंश म्हणजे परिघावर ०.१७ मिलिमीटर. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. पण तो चुकून राहिलेला नाही. कारखान्यात मोजूनमापून घासलेला आहे, आणि मला तो त्या अख्ख्या गाडीतला सर्वांत सुंदर विचार वाटतो. चार सिलिंडर कागदावर सारखे असले तरी गाडीत बसल्यावर त्यांचं नशीब सारखं राहत नाही, हे ओळखून ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त सोसणं आलं त्याच्याकडून थोडं कमी मागायचं, एवढाच तो विचार.

तो नीट उमगायला इंजिनाच्या रचनेत शिरावं लागतं. बीटलचं इंजिन फ्रान्झ झावर राइमश्पीस या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३० च्या दशकात, फर्डिनांड पोर्शे यांच्या श्टुटगार्टमधल्या कार्यालयात रेखाटलं. चार सिलिंडर आडवे निजवलेले, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडचा पुढचा पहिला, त्याच्या मागचा दुसरा. डावीकडचा पुढचा तिसरा, मागचा चौथा. इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला. आणि रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाहीत. जनरेटरच्या शाफ्टवर बसवलेला पंखा हवा ओढतो आणि पत्र्याचं एक मोठं आवरण ती हवा दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर वरून खाली लोटतं. सिलिंडरांच्या अंगावरच्या फिनमधून हवा वाहते, उष्णता उचलते आणि खाली निघून जाते. गोठणारं पाणी नाही, फुटणारा रेडिएटर नाही. युरोपच्या हिवाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर उभी करणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय होती.

तेलाची व्यवस्था मात्र अडचणीची ठरली. इंजिनातलं तेलही तापतं आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तर उष्णता वाहून नेण्याचं बरंचसं ओझं तेलावरच असतं. म्हणून त्याच पत्र्याच्या आवरणात, डाव्या बाजूला, ऑइल कूलर उभा केला. तो नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत आला. पंख्याची हवा आधी कूलरमधून जाणार, तेलाची उष्णता घेऊन स्वतः तापणार, कूलरच्या जाळीत अडून मंदावणार आणि मग तिसऱ्यापर्यंत पोचणार. शेवटच्या पंगतीला बसलेल्याला गार झालेला भात आणि तळाची आमटी मिळावी, तसं. इथे फक्त गार ऐवजी गरम. चौथ्यालाही थोडी झळ लागते, पण खरा भार तिसऱ्यावर.

बीटल दुरुस्त करणाऱ्यांना याचा परिणाम चांगला ठाऊक असतो. हेड उघडायची वेळ आली आणि एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला निघाला, तर तो बहुतेक वेळा तिसऱ्याचा असतो.

मग कारखान्यापुढे कोणते मार्ग होते? कूलर दुसरीकडे हलवायचा तर आवरणाची, पंख्याची, हवेच्या वाटांची रचना बदलावी लागणार. तिसऱ्या सिलिंडरला एकट्याला जास्त पेट्रोल देऊन गार ठेवायचं तर चौघांना मिळून कार्ब्युरेटर एकच. कॉम्प्रेशन एकट्याचं कमी करायचं तर हेड वेगळे, सुटे भाग वेगळे. हाताशी उरली ती ठिणगीची वेळ. ती बदलायला नवीन भाग लागत नव्हता. जो कॅम असाही घासायचाच होता, त्याचा एक कोपरा जरा वेगळ्या जागी घासायचा. गाडीच्या किमतीत वाढ नाही, वजनात नाही, मेकॅनिकला नवं काही शिकावं लागत नाही. अडचणीवरचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय सर्वांत नेमकाही निघावा, असं यंत्रांच्या जगात क्वचितच घडतं.

आता हा उशीर सिलिंडरच्या आत काय करतो ते पाहू. रसग्रहणाचा गाभा इथेच आहे.

ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम उडत नाही. प्लगपाशी ज्वाळेचा एक लहानसा गोळा तयार होतो आणि तो पसरत पसरत सगळं मिश्रण पेटवतो. याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर टॉपला पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. पिस्टन टॉप ओलांडून खाली निघाला, क्रँक साधारण पंधरा अंश पुढे गेली, की आतला दाब शिगेला पोचलेला असावा. तेव्हा त्या दाबाचं सर्वांत जास्त काम होतं. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, त्याला उलट दाबतो, आणि ज्वाळा पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकू लागतं. फार उशिरा पडली तर खाली पळणाऱ्या पिस्टनच्या मागे ज्वाळा धावत राहते आणि ताकद वाया जाते.

या दोन टोकांच्या मधल्या जागेचा एक गुण फार लोकांच्या लक्षात येत नाही. ठिणगीची वेळ आणि इंजिनाची ताकद यांचा आलेख काढला तर त्याचा माथा टोकदार नसतो, सपाट असतो. सर्वोत्तम जागेपासून दोन-तीन अंश उशीर केला तर ताकद टक्क्याच्या आसपास कमी होते; चालवणाऱ्याला ती कळतही नाही. पण त्याच दोन-तीन अंशांत आतला कमाल दाब बराच खाली येतो, ठोकण्याची भीती दूर सरकते आणि हेडमध्ये शिरणारी उष्णता घटते. म्हणजे सोडून द्यायचं अगदी थोडं आणि पदरात पडायचं पुष्कळ. तिसऱ्या सिलिंडरचा कोपरा मागे घेणाऱ्याने माथ्याच्या या सपाटपणाचाच फायदा घेतला आहे. चार सिलिंडरांपैकी एकाच्या ताकदीतला टक्काभर म्हणजे सगळ्या इंजिनाच्या ताकदीतला पाव टक्का. एवढ्या किमतीत सर्वांत तापणाऱ्या सिलिंडरचं आयुष्य वाढत असेल, तर हा सौदा कुणीही करावा.

यातच एक ताणही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरा संपतं, त्यामुळे बाहेर पडणारा धूर जास्त गरम असतो. हेडला आराम मिळतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून जाणारा वायू अधिक तापलेला असतो. ज्या व्हॉल्व्हला वाचवायचं त्यालाच दुसऱ्या बाजूने झळ. म्हणून हा उपाय जितका जास्त तितका चांगला, असं नाही. आठ-दहा अंश मागे घेतलं असतं तर ताकदही गेली असती आणि व्हॉल्व्हही. दोन ते चार हा आकडा माझ्या मते म्हणूनच इतका लहान आहे: ठोकणं टळावं, हेड जरा निवावं, पण धुराचं तापमान हाताबाहेर जाऊ नये, इतपत. औषधाच्या मात्रेइतकाच जपून ठरवलेला.

हा उशीर प्रत्यक्ष पाहण्याची सोय बीटलच्या रचनेतच आहे, आणि ज्याला यंत्रांची आवड आहे त्याने तो एकदा तरी पाहावा. बीटलचा फायरिंग ऑर्डर १-४-३-२. क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक ठिणगी. पहिला पेटला की अर्ध्या फेऱ्याने चौथा, पूर्ण फेऱ्याने तिसरा, दीड फेऱ्याने दुसरा. म्हणजे पहिला आणि तिसरा यांच्यात अंतर पूर्ण एका फेऱ्याचं, आणि त्यामुळे दोघांच्या ठिणगीच्या वेळी क्रँकच्या पुलीवरची तीच खाच इंजिनाच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यासमोर येते. दुसरी खूण करायला नको, मोजपट्टी नको. ठिणगीसरशी लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्याच्या वायरला लावा, उजेड पुलीवर पाडा, खाच सांध्याशी नीट जुळवा. मग बाकी काही न हलवता चिमटा काढून तिसऱ्याच्या वायरला लावा. खाच सरकलेली दिसते. पुली मागून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, तेव्हा खाच सांध्याच्या जराशी उजवीकडे उभी राहते, म्हणजे ठिणगी पडेपर्यंत पुली थोडी पुढे गेलेली असते. जो फरक कॅमवर डोळ्याला दिसत नव्हता तो इथे स्वच्छ दिसतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला १८,००० अंश फिरते; तीन अंशांचा उशीर म्हणजे सेकंदाचा सहा हजारावा भाग. त्या सहा हजाराव्या भागात तिसऱ्या सिलिंडरला सवलत दिलेली असते, मिनिटाला दीड हजार वेळा, गाडी चालू असेपर्यंत.

आपल्याकडे कानावर टायमिंग लावणारे उत्तम मेकॅनिक होते आणि आहेत. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, गाडी चढावर नेऊन पिकअप पाहायचा. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण कान चार सिलिंडरांचा एकत्र आवाज ऐकतो. एकट्याचा दोन अंशांचा उशीर कानाला सापडत नाही. तो टायमिंग लाइटलाच दिसतो, तेही वायर बदलून पाहिली तर.

आणि न पाहिल्यामुळे होणारा एक घोटाळा इतका सूक्ष्म आहे, की तो सविस्तर सांगायलाच हवा. डिस्ट्रिब्युटरच्या खाली, इंजिनाच्या पोटात, त्याला फिरवणारा एक उभा शाफ्ट असतो. डिस्ट्रिब्युटरचं बूड आणि त्या शाफ्टचं डोकं यांची जोडणी मध्यापासून जरा बाजूला असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो. पण इंजिन बांधताना तो शाफ्टच अर्धा फेरा उलटा बसवला गेला, तर रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेऐवजी बरोबर समोरच्या बाजूला तोंड करतो. मेकॅनिक म्हणतो, काय बिघडलं, टोपीवरच्या वायरी फिरवून लावू. वायरी फिरवल्या की गाडी सुरू होते, चालते, कुणाला काही कळत नाही. पण कॅमवर तिसऱ्याचा कोपरा पहिल्याच्या बरोबर समोर असतो. वायरी फिरल्या म्हणजे मागे घेतलेला कोपरा आता पहिल्याच्या वाट्याला आला. सवलत मिळाली थंड सिलिंडरला. त्यानंतर टायमिंग नेहमीप्रमाणे पहिल्यावर लावलं जातं, म्हणजे उशिराच्या कोपऱ्यावर. त्याला बरोबर करण्यासाठी सगळा डिस्ट्रिब्युटर दोन-चार अंश पुढे घेतला जातो, आणि उरलेले तिघे तेवढ्याने लवकर पेटू लागतात. त्यात तिसराही आला. ज्याला जपायचं होतं त्याच्यावरच उलट भार वाढला. हेड उघडल्यावर मालकाला सांगितलं जातं, या गाड्यांचा तिसरा व्हॉल्व्ह जळतोच. डिस्ट्रिब्युटरच्या काठावर पहिल्या सिलिंडरची एक बारीक खूण केलेली असते ती यासाठीच. रोटर तिच्याकडे पाहत नसेल तर वायरींना हात न लावता आधी खालचा शाफ्ट दुरुस्त करावा.

इतकं कौतुक केल्यावर उणिवाही मांडल्या पाहिजेत. घासलेला कोपरा एकच गोष्ट सांगू शकतो. थंडीत सकाळी गाडी नुकती सुरू झालेली असो की भर उन्हात घाट चढत असो, उशीर तेवढाच. तेल गार असताना तिसऱ्याला सवलतीची गरज नसते, तरी ती मिळते. घाटात जास्त हवी असते, तेव्हा वाढत नाही. आणि मूळ दुखणं तसंच राहतं: कूलर हवेच्या वाटेत उभाच. ते दुखणं फोक्सवॅगनने पुढे बरं केलं. १९७१ च्या मॉडेलपासून १६०० सीसीच्या इंजिनात ऑइल कूलर आवरणाच्या बाहेर सरकवला, त्याला स्वतःची हवेची वाट दिली, तापलेली हवा परस्पर बाहेर काढून दिली आणि पंखाही रुंद केला. तिसऱ्याला अखेर ताजी हवा मिळाली. निवाडा द्यायचाच तर तोच खरा उपाय. कॅमचा कोपरा हा तोवरचा आधार होता. पण आधार द्यावा तर असा, हेही तितकंच खरं.

बीटलच्याच वंशातल्या एका गाडीत हा विचार पुढच्या पायरीवर गेला. १९८९ मध्ये आलेल्या पोर्शे ९६४ चं इंजिनही आडव्या सिलिंडरांचं आणि पंख्याच्या हवेने थंड होणारं, फक्त सहा सिलिंडरांचं, ३.६ लिटरचं. कॉम्प्रेशन ११.३ ला १. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात एवढं कॉम्प्रेशन म्हणजे ठोकण्याच्या अगदी काठावर चालणं. म्हणून प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांवर मिळून एक नॉक सेन्सर बसवला. तो इंजिनाच्या अंगातली कंपनं ऐकतो, ठोकल्याची खास कंपनं ओळखतो, आणि त्या क्षणी पाळी कुणाची होती हे ठाऊक असल्यामुळे संगणक नेमक्या त्याच सिलिंडरची ठिणगी मागे घेतो. ठोकणं थांबलं की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. तिकडे स्वीडनमध्ये साब कंपनीने १९९० च्या दशकात ट्रायोनिक प्रणालीत स्पार्क प्लगलाच कान बनवलं: ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या फटीवर थोडं व्होल्टेज ठेवायचं आणि जळणाऱ्या वायूतून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजायचा. आत ठोकलं की त्या प्रवाहात ते दिसतं, आणि ते कोणत्या सिलिंडरात हे विचारायचीही गरज नाही, कारण प्रत्येकाचा प्लग स्वतःचा. बीटलच्या कॅमने एकदा ठरवून दिलेला उशीर इथे क्षणोक्षणी नव्याने ठरतो.

आज रेसिंगसाठी किंवा हौसेने इंजिन ट्यून करणाऱ्याच्या हातात इंजिनाचा असा संगणक, म्हणजे इसीयू, असतो, ज्यात प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगवेगळी पुढे-मागे करता येते, तीही वेग आणि भार यांच्या तक्त्यानुसार. असमानतेची कारणं प्रत्येक इंजिनात निराळी. कुठे थ्रॉटल मॅनिफोल्डच्या एका टोकाला असल्यामुळे दूरच्या सिलिंडरला हवा वेगळी मिळते. कुठे पाण्याचा पंप पुढे असल्याने शेवटच्या सिलिंडरला तापलेलं पाणी पोचतं. जुन्या मिनीच्या ए-सिरीज इंजिनात तर दोन-दोन सिलिंडरांना एकच इनलेट पोर्ट, त्यामुळे एक दुसऱ्याचा वाटा पळवतो.

या सोयीचा एक धोका आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. एखादा सिलिंडर ठोकतोय म्हणून लगेच त्याची ठिणगी मागे घेऊ नये. आधी त्याला पेट्रोल पुरेसं मिळतंय का ते पाहावं, इंजेक्टर तपासावा, त्या सिलिंडरचं मिश्रण मोजावं, प्लग काढून त्याचा रंग पाहावा. पातळ मिश्रणामुळे ठोकणाऱ्या सिलिंडरला उशीर दिला तर आवाज थांबतो, आजार तसाच राहतो. धुराच्या तापमानावरही आंधळा विश्वास नको. उशिरा पेटणाऱ्या सिलिंडरचा धूर गरम असतो आणि पातळ मिश्रणाचाही असू शकतो, आकडा तोच, कारणं दोन. पेट्रोलचं वाटप आधी सारखं करावं, थंडाव्याची सोय करावी आणि मग जी असमानता उरेल, जी इंजिनाच्या घडणीतच आहे, तिच्यासाठी ठिणगी दोन-चार अंशांनी हलवावी. त्याहून जास्त हलवावी लागत असेल तर कुठेतरी दुसरी चूक आहे असं समजावं. बीटलचा कॅम याच शिस्तीत बसतो: हवा आणि पेट्रोल यांत जे त्या काळी बदलता आलं नाही तेवढंच त्याने ठिणगीकडे सोपवलं, आणि तेही अगदी कमी मापात.

२००३ च्या जुलैत मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल तयार झाली, तोवर जगभरात दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बाहेर पडल्या होत्या. त्यातल्या कितीतरी अजून चालतात. तुमच्या हाती जुन्या कूलरची बीटल आली तर टायमिंग पहिल्या सिलिंडरवरच लावा. तिसऱ्यावर लावलंत तर बाकीचे तिघे नको तितके लवकर पेटतील. नंतर एकदा चिमटा तिसऱ्याच्या वायरवर नेऊन पाहा. खाच थोडी उशिरा दिसली तर डिस्ट्रिब्युटर झिजला असं समजून तो बदलायला काढू नका, समान कोपऱ्यांचा नवा बसवू नका. तो उशीर तिथे हवाच आहे. तो तसाच राहू द्या.